डाव्या कानाच्या दोन खाचा

भावानं बहिणीला ओवाळणीत काय घालावं, याचा कुठं कायदा नाही. पण विजयसिंहानं जे घातलं, आणि घालून वर चार पावण्यांत जे बोलला, ते बाळाबाईच्या घशाखाली वर्ष झालं तरी उतरलं नव्हतं. पाठचा भाऊ. काखेत घेऊन वाढवलेला. त्याचं नाक पुसता पुसता हिची पाटी दुसरीतच सुटली. आणि त्यानं हिचंच नाक कापलं.

मागल्या भाऊबीजेला तो आजऱ्याजवळच्या तिच्या मळ्यावर गाडी घेऊन आला. गाडीच्या हौद्यात सहा पांढरी पिल्लं, नुकतीच आईपासनं तोडलेली. बाळाबाईचं डुकरांचं शेड लहान, चार माद्यांचं. नवऱ्याच्या माघारी तिनं ते हिमतीनं चालवलेलं. भावाचं शेड कसबा बावड्याच्या पलीकडं, रस्त्यावरनं फलक दिसावा एवढं मोठं. त्याच्याकडचं प्रत्येक पिल्लू डाव्या कानाला दोन खाचा मारूनच बाहेर पडायचं. लोक नंबराचे बिल्ले लावतात. हा मिशीवरनं हात फिरवून सांगायचा की माझा माल कानावरनं ओळखा. तिनं ओवाळलं, तसं त्यानं ताटात नोट घालायच्या जागी गाडीकडं बोट दाखवलं. लुगडं काय कुणीबी घालतंय, म्हणाला, मी आक्काला धंदा घातला. शेजारणी बघतच राहिल्या.

विकतची पिल्लं असती तर बाळाबाईनं शेपटी उचलून बघितली असती, पोट चाचपलं असतं, त्यांची आई कशी आहे ते बघायला स्वतः गेली असती. पण ही ओवाळणी. भावानं दिलेलं लुगडं उजेडात धरून त्याची भोकं कोण शोधत बसतं? तिनं पिल्लांना हळदकुंकू लावलं आणि उतरवून घेतली. इथं ती चुकली, आणि ती नेमकी इथंच चुकणार हे भावाला पक्कं ठाऊक होतं. नशीब एवढंच की नवं जनावर आलं म्हणजे आधी काजूच्या झाडांखालच्या छपरात वेगळं ठेवायचं, हा तिच्या घरचा रिवाज होता. तो तिनं मोडला नाही, म्हणून घरची पिल्लं वाचली.

आठवडाभर सगळं नीट चाललं. मग हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी, आंबूस वासाची. कुशी आत गेल्या, केस राठ होऊन उभे राहिले. सून क्रांती साखर-मिठाचं पाणी पाजून पाजून थकली. एकेक करत पाच गेली, एक तेवढं राहिलं. गुरांच्या दवाखान्यातल्या कृष्णात डॉक्टरांनी मेलेल्या पिल्लाचं आतडं उघडून दाखवलं. टॉवेलाला असते तशी आतड्याला आतनं लव असते, म्हणाले, खाल्लेल्याचा रस तीच ओढून घेते. ह्यांची ती झडून गेली आहे. हे दुखणं आईला पीत असतानाचं, इथं आल्यावरचं नाही. कुणीतरी औषधानं दाबून ठेवलेलं दिसतं. राहिलेलं जगेल, सगळ्यांच्या बरोबरीनं खाईल, पण अंगाला लागणार नाही.

अख्ख्या गावावर चालणारी बाळाबाईची जीभ मायेरच्या माणसापाशी अडायची. तिनं पिल्लं पुरली आणि गप्प बसली.

भाऊ मात्र गप्प बसला नाही. चुलत्याच्या नातीच्या हळदीत, भर पंगतीत त्यानं सांगितलं की आक्काला सोन्यासारखे सहा नग दिले, तिनं त्यांच्या पोटाला चिमटा काढून मारले. खाद्याची पोती विकते म्हणे आणि जनावराला नुसता कोंडा टाकते. हसत हसतच म्हणाला, पण पंगत उठली ती ते तोंडात घेऊनच उठली. तिच्याकडनं पिल्लं नेणारी माणसं दुसरीकडं वळली. गोव्याचा व्यापारी वर्षानुवर्षं डोळे झाकून माल न्यायचा; तोसुद्धा आता आधी कुंडीत हात घालून खाद्य हुंगायला लागला. कुणी चोर म्हटलं असतं तर बाळाबाईनं सोसलं असतं. आपल्या दारचं जनावर उपाशी राहतं, हे तिला ऐकवेना.

त्यात एक दिवस भावजयीचा, राजनंदिनीचा फोन आला. तिच्याही शेडात हगवण हटत नव्हती. रडगाणं गाता गाता ती बोलून गेली, "वन्सं, तुमच्याकडं आली ती निदान आठवडा तरी जगली. त्यांच्याच वेतातली भावंडं आमच्यात दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलाच गेलती की."

पहिली आंघोळ भाऊबीजेच्या आधी येते, एवढं कळायला शाळा लागत नाही. बाळाबाईनं फोन ठेवला, पदर खोचला आणि छपराकडं गेली. राहिलेलं पिल्लू कोपऱ्यात उभं होतं. नुसती हाडं आणि दोन खाचांचा कान. क्रांतीचं म्हणणं की हे काढून टाकावं, फुकट खातंय. बाळाबाई म्हणाली, "ह्येला मरू द्यायचं न्हाय. पुढच्या भाऊबीजेला लागणार हाय."

तिनं त्याचं नावच ओवाळणी ठेवलं. ते जन्मलं त्याच पंधरवड्यात घरी झालेली एक मादी तिनं पैदाशीला ठेवली होती. जे खाद्य मादीला, तेच त्याला, एकाच बादलीतनं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. पुढं त्याला वेगळ्या खोपटात हलवून तिनं ते जुनं छप्पर खरवडून काढलं, खालचा पेंढा जाळला, चुना मारला आणि सगळा उन्हाळा मोकळं तापू दिलं. भावानं यातलं काही केलं नाही. एक वेत गेलं की त्याच घाणीत दुसरं, आणि पहिल्याचं दुखणं दुसऱ्याला. दसऱ्यापर्यंत त्याच्या फलकावरचा रंग तेवढा धड राहिला होता.

मग त्याचा आवाज लोण्यासारखा झाला. आक्का, आठ माद्या पोटुशा हायत, इथं व्याल्या की एक पिल्लू हाताला लागत न्हाय, तुझं छप्पर मोकळं हाय, तेवढं दे. बाळाबाई त्याहून गोड झाली. भाऊबीजेला ये, म्हणाली, बोलू. आणि हळदीत पंगतीला होती त्यातली चारजणं संगं आण, म्हणावं आक्कानं जेवाय बोलीवलंय. गोव्याच्या व्यापाऱ्यालाही तिनं तोच दिवस दिला.

माणसं आली, राजनंदिनीही आली. फाटकातच चुन्याच्या पाण्याची घमेली मांडलेली. बाकीच्यांनी पाय बुडवले. विजयसिंहाला कडक इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत वर करावी लागली, कारण तो माणूस आजारी शेडातनं आलाय, हे बहिणीनं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. अंगणात पाट मांडला होता आणि पाटासमोर दोन खुंट्या. एकीला घरची मादी, पोटुशी, म्हशीच्या रेडकाएवढी. दुसरीला ओवाळणी. कुत्र्याएवढी उंची, माकडहाड वर आलेलं, पोट तेवढं फुगलेलं. क्रांतीनं एका बादलीतनं दोघांना खाद्य टाकलं. दोन्ही तोंडं सारख्याच अधाशीपणानं कुंडीत गेली.

दोन्ही एकाच वयाची, बाळाबाई म्हणाली, कुणाला खोटं वाटत असलं तर त्यानं ह्याचा कान चाचपून बघावा. म्हातारा चुलता काठी टेकत पुढं झाला. त्यानं खुरटलेल्या डुकराचा डावा कान उलटा केला आणि दोन खाचांवरनं अंगठा फिरवला. "आरं, ह्यो तर आपल्या विजाचा माल."

मग बाळाबाईनं पहिल्या आंघोळीची गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही, एक शब्द वाढवला नाही. राजनंदिनी अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. व्यापारी कुंडीपाशी वाकला होता, तो सरळ झाला आणि यंदा विजयसिंहाकडं गाडी वळवायची नाही असं सरळ बोलून मोकळा झाला.

पाटावर बसलेला भाऊ मान वर करेना. तसाच म्हणाला, "झालं ते झालं, आक्का. माद्यांचं दिस भरत आल्यात. थारा दे."

बाळाबाईनं निरांजन पेटवलं. कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पुरतं ओवाळलं, तोंडात साखर घातली. कशात कमी केलं नाही. ताट खाली ठेवलं आणि मग बोलली.

"विजा, ओवाळलं ते आई जाताना सांगून गेलीय म्हणून. तुझी ओवाळणी वरीसभर माझं खाऊन अशी राहिली, ती आता तुझी तुला. तुझ्या फलकाखाली बांध, लोकांस्नी कान दिसू दे. माझं छप्पर मोकळं हाय, सारवून, चुना मारून ठेवलंय, आणि मोकळंच ऱ्हाईल. तुझ्या माद्या तुझ्या घाणीत व्यातील, आणि रोज सकाळी एकेका पिल्लाची शेपटी उचलून तू बघशील, जशी मी बघितली. ज्या पंगतीत माझं नाव घालवलंस, त्या पंगतीत उभा ऱ्हाऊन खरं बोल. तवर ह्या चुन्याच्या आत पाय टाकायचा न्हाय. आता ऊठ, हात धू, जेवून जा. माझ्या दारात कोण उपाशी ऱ्हात न्हाय."