एका ओढगाडीचा जळफळाट

मी एक जुनी लाकडी ओढगाडी आहे, मित्रांनो. चार चाकं, एक लांब दांडी आणि पोटात दोन पोरं मावतील एवढी जागा, झाला माझा संसार. स्वभावाने मी जरा जळकी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको.

माझा जन्म हॉलंडच्या उत्तरेला, फ्रीसलंडमधल्या एका खेड्यात झाला. हिल्के आजोबांनी मला बनवलं. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुसते हिल्के होते. त्यांच्या आईचा ओकचा पलंग मोडला होता. आई म्हणाली, "जाळ तो शेकोटीत." हिल्के म्हणाले, "ओक जाळतात होय कुणी?" आणि त्यांनी पलंगाच्या फळ्या कापून, घासून, आपल्या लेकीसाठी मला उभं केलं. लेकीचं नाव यित्स्के. ती माझ्यात बसून शाळेत गेली, जत्रेत गेली, एकदा चुकून ओढ्यातही गेली. ती मोठी झाल्यावर मी बटाटे वाहिले, गावच्या बँडचा ढोल वाहिला, एक आजारी मेंढी वाहिली. मग बारा वर्षं गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते. माझ्यात कोंबड्या अंडी घालायच्या. त्यांना मी फार आवडायचे. पण कोंबड्यांच्या कौतुकावर किती दिवस काढणार?

पुढे यित्स्केला दोन मुलं झाली, फेना आणि त्यार्ड. आजोबांनी मला धुतलं, तेल पाजलं, आणि माझे दिवस पालटले. फेना आता सहा वर्षांची आहे, त्यार्ड तीन. दोघं माझ्यात बसायची आणि पुढे कोणी बसायचं यावरून रोज मारामारी करायची. माझ्यासाठी मारामारी! अहाहा!

मे महिन्याच्या सुट्टीत सगळे लायडनला निघाले. कालव्यांचं जुनं शहर, पुलांमागून पूल. "पोरांचे पाय दुखतील, गाडी घेऊ," यित्स्के म्हणाली. मला वाटलं, शहर मला बघायला जमणार.

पहिल्या दोन पुलांपर्यंत सगळं छान चाललं. तिसऱ्या पुलावर ती आली. सहलीची होडी. लांबलचक, चपटी, वर काचेचं छप्पर.

"होडी!" फेना ओरडली आणि माझ्या कडेवर पाय देऊन खाली उडी मारली. "मला होडीत बसायचंय!"

"मला पण!" त्यार्ड तिच्या मागोमाग.

एका क्षणात माझं पोट रिकामं. मला सांगा, काय आहे हो त्या होडीत? तिला चाकं नाहीत. तिला पुलावर चढता येत नाही, चोरासारखी खालून वाकून जाते. त्याच त्या पाण्यात गोल गोल फिरते आणि जिथून निघाली तिथेच येऊन थांबते. आणि तिच्यासाठी लोक रांगा लावतात!

आजोबा माझ्या बाजूने होते. "होडी कशाला? गाडी आहे ना. घरून ब्रेड आणलाय, ताक आणलंय."

"बाबा, ब्रेडचा आणि होडीचा काय संबंध?" यित्स्के म्हणाली.

"होडीत खाऊ देत नाहीत."

त्यावर त्यार्डने रस्त्याच्या दगडांवर सपशेल लोळण घेतली आणि वाद मिटला.

होडीवाला म्हणाला, "गाडी आत चालणार नाही हं."

"बाबा, तिला कुठेतरी कुलूप लावून ठेवा," यित्स्के म्हणाली.

"हे डबडं कोण नेणार?" आजोबा म्हणाले.

डबडं! ज्यांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं त्यांच्या तोंडून! मी नुसती कुरकुरले.

आजोबा व्यवस्थित माणूस. रस्त्यात अडचण नको म्हणून त्यांनी एका घरासमोर मला अगदी रांगेत लावलं. रांगेत आधीच एक खुर्ची होती, एक दिवा होता आणि गालिच्याची एक गुंडाळी होती. आता इथली रीत अशी की नको असलेलं सामान लोक फुटपाथवर काढून ठेवतात, आणि ज्याला हवं त्याने खुशाल न्यावं, विचारायचंही नाही. आजोबांना हे कुठून माहीत असणार? आमच्या खेड्यात कोणी काही टाकतच नाही.

होडी निघाली. पाचच मिनिटांत एका तरुणाने दिवा उचलला. मग दोन बायकांनी गालिचा नेला. मग खुर्चीही गेली, तिचा तर एक पाय हलत होता! मी एकटी उरले. मित्रांनो, मला चोरीला जाण्याची भीती वाटायला हवी होती. पण मी जळत होते त्या दिव्यावर. तो आधी पसंत पडला!

तेवढ्यात लाल गमबूट घातलेल्या एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी माझ्या चाकाला एक लाथ मारली, फळीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "ओक! आणि हे टाकून दिलं? मूर्ख लोक!"

खरं सांगू? चाक अडकवून मला हटून बसता आलं असतं. पण मोठ्या माणसाच्या तोंडून कौतुक ऐकून कित्येक वर्षं झालेली. मी मुकाट्याने गेले.

त्यांचं नाव कोबाबाई. त्या कालव्यातच हाउसबोटीवर राहायच्या. त्यांनी मला फळकुटावरून वर डेकवर ओढलं आणि माझ्यात जिरेनियमच्या सात कुंड्या ठेवल्या. झालं, मीही पाण्यावर! बघ म्हणावं त्या चपटीला! हा आनंद बरोबर तीन मिनिटं टिकला. मग मला डोलण्याने मळमळायला लागलं. एक गोगलगाय माझ्या दांडीवर चढली. आणि कुंड्या भांडत नाहीत हो, पुढे बसण्यासाठी.

इतक्यात ती होडी समोरून आली. काचेला नाकं चिकटवून फेना आणि त्यार्ड बसले होते, खिदळत होते. आजोबा चोरून ब्रेड खात होते. होडीवाला सांगत होता, "डावीकडे बघा, जुन्या व्यापाऱ्यांची घरं..." सगळे डावीकडे बघत होते. माझ्याकडे कोणी नाही. मी अशी जळले की कुंड्यांना धग लागली असेल.

"आजोबा!" फेना किंचाळली. "आपली गाडी त्या बोटीवर!"

आजोबा ताडकन उठले आणि काचेच्या छपराला डोकं आपटलं.

"बसा हो आजोबा, पूल येतोय!" होडीवाला ओरडला. तीस प्रवासी माझ्याकडे वळले. पटापट फोटो निघाले. होडीवाला गोंधळून म्हणाला, "आणि उजवीकडे... एक ओढगाडी." त्यार्डने मात्र भोकाड पसरलं.

धक्क्याला लागल्याबरोबर सगळी वरात धावत आली.

"बाई, ती गाडी आमची आहे!" आजोबांना दम लागला होता.

"टाकलेलं उचललंय. इथली रीत आहे."

"टाकलं नव्हतं, ठेवलं होतं! नीट ठेवलं होतं!"

"कचरा सगळेच नीट ठेवतात."

"मी म्हटलं होतं कुलूप लावा," यित्स्के म्हणाली. "तर बाबा म्हणाले, हे डबडं कोण नेणार."

"डबडं?" कोबाबाईंनी भुवया उंचावल्या. "मग झालं तर. डबडं मला चालतं."

आजोबा कानापर्यंत लाल झाले. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या आईच्या पलंगाची आहे हो ती."

कोबाबाईंनी फळकुटाकडे बोट दाखवलं. "या वर. कॉफी घ्या." सगळ्यांना कॉफी मिळाली, पोरांना दूध, प्रत्येकाला एकच बिस्किट. लगेच डब्याला झाकण. मग त्यांनी फेनाला विचारलं, "तुला होडी आवडली ना? मग असं करू. गाडी माझ्याकडे राहू दे, तुम्ही सुट्टीत माझ्या बोटीवर राहायला या. बोल, गाडी की बोट?"

फेना विचार करायला लागली. मित्रांनो, सहा वर्षांची मुलगी इतका वेळ विचार करू शकते हे मला ठाऊक नव्हतं. तिने पाण्याकडे पाहिलं. बदकांकडे पाहिलं. माझ्या चारही चाकांतलं तेल आटलं.

"होडी मस्त आहे," ती म्हणाली. माझं संपलं. "पण होडीवाल्याने मला चालवायला दिली नाही."

ती उठली आणि एकेक कुंडी माझ्यातून उतरवायला लागली. कोबाबाईंनी अडवलं नाही. फेनाने बाहीने माती पुसली, त्यार्डला आत बसवलं आणि दांडी धरली. "मी ओढणार."

"स्टेशनपर्यंत? सहा पूल आहेत," कोबाबाई म्हणाल्या.

"ओढेन."

"दे इकडे, मी..." आजोबा पुढे झाले.

"हात लावायचा नाही!"

आणि मला तिने ओढलं. दुसऱ्या पुलावर तिचा हात निसटला, मी त्यार्डसकट मागे घरंगळले आणि कठड्याला टेकलेल्या अकरा सायकली एकीवर एक आडव्या केल्या. त्यार्ड टाळ्या वाजवत म्हणाला, "परत!" आजोबा आणि यित्स्के सायकली उचलत बसले. फेनाने बाही वर केली आणि पुन्हा दांडी धरली.

पूल चढायचा तर ताकद जास्त लागते. म्हणून ती उलटी चालायला लागली, दोन्ही हातांनी दांडी ओढत, तोंड माझ्याकडे. इतकी वर्षं पोरं माझ्या पोटात बसली, पण चढ चढताना असा माझ्याकडे तोंड केलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. लाल झालेला, घामेजलेला, जीभ बाहेर. कदाचित ती त्यार्डकडे बघत असेल. मी मात्र धरून चालले की माझ्याकडेच बघतेय. खालून किती होड्या गेल्या, देव जाणे.

तेव्हा मित्रांनो, होडी दिसली तर बसा होडीत. मी जळेन, पण तुम्ही बसा. घरी तुमचीही एखादी जुनी गाडी, सायकल, पाळणा असेल. तिला चारचौघांत वाटेल ते बोलू नका, आणि तिची चाकं गंजू देऊ नका. एखाद्या दिवशी तिला स्वतः ओढा. ओढताना मध्येच एकदा मागे वळून बघा. आम्ही तुमच्याकडेच बघत असतो.