भोंग्यावरची शाळा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आज हळूच बोलणार आहे. जन्मभर दुसऱ्यांचं म्हणणं मोठ्याने सांगत आलो. स्वतःचं सांगायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे थोडा चाचरलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. ॲल्युमिनियमची सपाट चकती फिरत्या यंत्रावर चढवली, कारागिराने ती लांब दांड्याने दाबत दाबत आणली आणि बघता बघता माझं धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड उमललं. मागे चुंबक बसवलं, तारेचं वेटोळं बसवलं. अंगात पहिल्यांदा वीज आली तेव्हा कारागीर म्हणाला, "हॅलो, हॅलो." तेच माझं बारसं.

मला एका मंडपवाल्याने घेतलं. सभा, उद्घाटनं, चपलांचे सेल, हरवलेली पोरं, सगळं केलं. किती पुढाऱ्यांची वचनं माझ्या घशातून गेली! माझा घसा कधी बसला नाही आणि ती वचनं कधी उभी राहिली नाहीत. पुढे काळे चौकोनी स्पीकर आले. माझी रवानगी गोदामात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे झाली. एका कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं. कोणीतरी राहतंय, एवढंच समाधान.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, शाळांना कुलपं लागली. आमचं राज्य अफाट, माणसं मोजता मोजता मोजणारे म्हातारे व्हावेत इतकी. वर बसलेल्यांनी एक हुकूम काढला की आता शाळा फोनवर भरेल. हुकूम एका दिवसात सगळ्या शाळांना लागू झाला. फोन काही तसे सगळ्या घरांना लागू होत नाहीत.

गोदामाच्या खिडकीतून मला गल्लीतलं ऐकू यायचं. ज्या दोन-चार घरांत फोन होते तिथून सकाळी एकच धडा यायचा, "आवाज येतोय का? बाई, आवाज येतोय का?" मी मनात म्हणायचो, मला हा प्रश्न उभ्या जन्मात कोणी विचारला नाही!

एके दिवशी गोदामाचं दार उघडलं. मंडपवाल्याबरोबर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सरकारी शाळेतल्या बाई होत्या.

"काका, माझा निम्म्याहून जास्त वर्ग त्या फोनमध्ये येतच नाही," बाई म्हणाल्या. "एखादा भोंगा आहे का?"

"आहे की. पण त्याच्यात माशी राहते."

"चालेल. तिलाही शिकवीन."

माशी मात्र केव्हाच उडून गेली होती. मंडपवाल्याने मला पुसलं आणि शाळेच्या आवारातल्या खांबावर गल्लीकडे तोंड करून बांधलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बाई वर्गात माईकसमोर बसायच्या आणि मी गल्लीभर शिकवायचो.

फळ्याशिवाय शिकवणं सोपं नसतं. कोन कसा दाखवायचा? बाई म्हणाल्या, "घराचं दार थोडं उघडा. आता उंबरठा आणि दार यांच्यामध्ये बघा, तो कोन. दार आणखी उघडा, कोन मोठा." त्या सकाळी अख्ख्या गल्लीतली दारं करकरत उघडत-मिटत होती. समोरच्या माडीवरचे आजोबा आधी माझ्या नावाने खडे फोडायचे, 'कान किटले' म्हणायचे. एकदा बाईंना गाठून म्हणाले, "आवाज कमी करा ही माझी तक्रार कायम आहे. पण कालचं ते गणित पुन्हा सांगा, माझं उत्तर चुकतंय."

शिक्षण खात्यातून एकदा साहेबही आले. "ऑनलाइन हजेरी किती?" त्यांनी विचारलं.

"खिडक्यांत बसलीयत मुलं. मोजा ना."

साहेबांनी गल्लीकडे पाहिलं. एका खिडकीतून तीन डोकी बाहेर आली. साहेब हळूच म्हणाले, "याचा रकाना नाही हो माझ्याकडे."

"मग मनात ठेवा," बाई म्हणाल्या.

माझ्या अगदी समोर इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्रीवाल्याची मुलगी सातवीत. घरात तिला सगळे ठिणगी म्हणायचे. तिची आई दवाखान्यात साफसफाईला होती. साथीत दवाखान्याचे कोट आणि चादरी यांचा ढीग दुकानात येऊ लागला. हाताखालचा माणूस गावी निघून गेलेला. मग दुसऱ्या टेबलाशी ठिणगी उभी राहिली. घरातला एकुलता फोन थोरल्या भावाकडे. त्याचं कॉलेज होतं ना! ठिणगीला कोणी 'शिकू नकोस' म्हणालं नव्हतं. फक्त 'नंतर' म्हणाले होते.

एकदा बाईंनी अपूर्णांक काढले. "चादर, टॉवेल, रुमाल, जे असेल ते घ्या. मधोमध घडी घाला. किती भाग झाले? आता त्यावर आणखी एक. आता आणखी एक."

ठिणगीच्या हातात चादरच होती. ती पुटपुटली, "एक अष्टमांश."

"काय म्हणालीस?" बापाने विचारलं.

"बाबा, ही आता आठ पदरी झाली. यातला एक पदर म्हणजे अख्ख्या चादरीचा एक अष्टमांश."

"हॅ! असल्या घड्या मी तुझ्या जन्माआधीपासून घालतोय."

"घालताय. पण त्यातल्या एका पदराला काय म्हणतात ते माहीत होतं का?"

बाप हसला. त्यानंतर धडा सुरू झाला की तो निखारे फुंकायचं थांबवायचा. फुंकण्याच्या आवाजात शब्द बुडतात म्हणून.

धडा संपला की बाई गल्लीत फिरायच्या. माझ्यातून आवाज जातो, परत काही येत नाही. मुलांना काय कळलं हे विचारायला पायच लागतात. इस्त्रीवाल्याला त्या विचारायच्या, "शाळा उघडली की पाठवाल ना हिला?"

"बघू," तो म्हणायचा.

माणसांचं 'बघू' मी ओळखतो. मला दुरुस्त करायचं का, असं कोणीतरी विचारलं तेव्हा माझा मालकही 'बघू' म्हणाला होता. त्यानंतरच मी गोदामात गेलो.

अखेर साथ ओसरली. त्या सकाळी बाई सांगत होत्या की पृथ्वी थोडी कललेली आहे, म्हणून दिवस कधी लहान होतो, कधी मोठा. "कसा, ते उद्या," म्हणून त्यांनी माईक बंद केला. संध्याकाळी हुकूम आला की शाळा उघडा. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात गेली आणि मी गप्प झालो.

ठिणगी दुकानातच राहिली. बाई दोनदा येऊन गेल्या. इस्त्रीवाला म्हणाला, "लिहिता-वाचता येतं, हिशेब येतो. कामाचा हात आहे बाई, मोडता येत नाही." जाताना बाई माझ्याकडे एकदा बघून गेल्या.

इस्त्रीवालाही माझ्याकडे बघायचा. धड्याची वेळ झाली की त्याचे हात मंदावायचे. मग एका सकाळी तो म्हणाला, "ते पृथ्वीचं काय झालं गं?"

"कसलं?"

"अगं, कललेली आहे म्हणाल्या होत्या ना. त्याने दिवस लहान कसा होतो?"

"मला काय माहीत? वर्गात सांगितलं असेल. जे गेले त्यांना कळलं."

ती रागाने बोलली नाही. कोटाची कॉलर उलटवता उलटवता सहज बोलली. बाप मात्र तसाच उभा राहिला. हातातली इस्त्रीही तशीच.

"बाबा, चादर!"

त्याने इस्त्री उचलली. चादरीवर तांबूस डाग उमटला होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"हात धू," तो म्हणाला. "जा शाळेत."

"आणि हा ढीग?"

"दादाला सांग, फोन खाली ठेव आणि इस्त्री उचल. ढीग कुठे पळून जात नाही. आणि ऐक, आलीस की मलाही सांग ते."

ठिणगी हात न धुताच पळाली.

काही दिवसांनी मंडपवाला मला उतरवायला आला. मला काखेत मारून तो वर्गासमोरून निघाला, आणि दारातून मला ती दिसली. तिने हात वर केला होता.

"बाई, पृथ्वी कललेली आहे, तर मग ती सरळ का होत नाही?"

"मला नीट वाचून सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. "पण तू पुन्हा विचार. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू दे."

इतके दिवस मी शिकवलं, पण मला कोणी एकही प्रश्न विचारू शकलं नव्हतं. मंडपवाला तिथेच थांबला म्हणून मलाही थांबता आलं.

आता मी पुन्हा गोदामात आहे. तक्रार नाही. भोंग्याची गरज पडू नये यातच भोंग्याचं भलं. एकच सल आहे. त्या वर्गातले काही बाक रिकामे होते. त्या मुलांच्या घरी अजून कोणीतरी 'बघू' म्हणत असेल. मला त्यांच्या दारापर्यंत ओरडता येतं, दार वाजवता येत नाही. तेवढं तुम्ही करा.