सात नंबरचं भोक

बोटांनी नुसतं दाबलं आणि दगडाचा तो तुकडा चुरला... सतरा मीटर खालून आलेला, मनगटाएवढा जाड, वरून काळा आणि आत पिवळा — उमेशने तळहात पँटला पुसला, तरी रेघांमध्ये पिवळं राहिलंच. वलवण धरणाच्या पाण्याकाठी चाळीस मजल्यांचा मनोरा उठणार होता, खाली दुकानं, मध्ये हॉटेल, वर घरं. त्याआधी खालचा दगड एवढा भार पेलेल का हे तपासायला यंत्राने जमिनीला भोकं पाडून आतला दगड काढायचा, खोक्यात ओळीने लावायचा, खोक्यावर नंबर रंगवायचा, हे त्याचं काम. चार नंबरच्या भोकातून अखंड पाषाण निघाला होता. सातमधून हा भुगा.

"सात बुजव," सुपरवायझर संदेश पाण्याकडे बघत म्हणाला. "चारच्या शेजारी अजून एक मार. चांगला दगड येईल, त्यावर सात टाक."

"पन साहेब, सात तर हितं..."

"तू बघितलंस, मी बघितलं. तिसरं कोण आहे?"

तिसरा उमेशच्या मनात होता, त्याचा बाप. बारकू. विहिरी खोदायचा, भिंतीला कान लावून म्हणायचा, "हिचं पोट पोकळ हाय." औंढे गावच्या विहिरीतही म्हणाला होता — पण मुकादमाने नुसतं बघितलं, आणि बारकू गुमान पुन्हा खाली उतरला. दोर विशीतल्या उमेशच्या हातात होता... माती धसल्याचा आवाज नंतर आला, आधी दोर हलका झाला. बाप का बोलला नाही पुढे? इतकी वर्षं तो बापावर याचाच राग धरून होता.

दुपारपर्यंत चारच्या शेजारचा दगड वर आला, काळाभोर, सलग. उमेशने कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला. वर बत्तिसाव्या मजल्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घालेल, कुणाचं तरी पोर कठड्याला धरून उभं राहायला शिकेल... त्याने सात काढला. ओघळ न येता, नीट.

तेवढ्यात बायकोचा फोन. "जेवला का?" संगीताने विचारलं.

डबा पिशवीत तसाच बंद होता.

"व्हय, मघाच. मेथी लय झ्याक झालती."

ती हसली, फोन ठेवला. तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. सकाळपासून छातीत बसलेली भीती — काम जाईल, संदेश काय म्हणेल — ती आता शोधूनही सापडेना. तिथे नुसतं गार, मोकळं काहीतरी होतं. आणि त्याला कळून चुकलं की यापुढे आपल्याला काहीही खोटं बोलता येईल, कुणाशीही, आणि आवाज जरासुद्धा हलणार नाही.