गालातला खडा

बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. त्याच्या घराण्याची ख्याती दोनच गोष्टींसाठी होती: सूर लांब आणि दात कमी. आजोबांची कवळी एकदा भर मिरवणुकीत सुरासोबत उडून ढोलावर आपटली होती. ही गोष्ट घरात लाजत नव्हे, छाती फुगवून सांगत. वडिलांच्या तोंडाचं तर चाळिशीतच बोळकं झालं.

भोंग्याचा पुढचा दात हलू लागला, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ट्रंपेट ओठांनी वाजतं, पण ओठांना मागून टेकू दातांचाच. दात गेला की सूर गेला, आणि मग बँडमास्तर त्याच्या हातात खुळखुळा देणार, हे उघडच होतं.

घराण्यात दातांच्या डॉक्टरकडे कुणी गेलंच, तर उपटायला. त्यामुळे भोंगा खुर्चीत बसला तो तोंडावर हात ठेवूनच. डॉक्टरबाईंनी तो हात मोठ्या मिनतवारीने काढला.

"हिरड्या सुजल्यात, दाढा पोखरल्यात. कधीपासून?"

"आमच्या रक्तातच आहे हो. दात टिकतच नाहीत."

"सगळ्यांचेच?"

"आत्याचे आहेत धडधाकट. अजून अक्रोड फोडते. पण ती कुठे वाजवते?"

बाई थबकल्या. "वाजवण्याचा काय संबंध? आत्याचं रक्त वेगळं आहे का?"

तेवढ्यात भोंग्याने सवयीने खिशातला साखरेचा खडा गालात सारला. घसा ओला राहतो, दम वाढतो, असं आजोबांनी वडिलांना, वडिलांनी त्याला कानात सांगितलेलं. घराण्याचं गुपित! दिवसभर एक विरघळला की दुसरा.

बाईंनी डोक्याला हात लावला. "थुंका आधी! हा दात वाचेल, पण हे बंद करावं लागेल. दात घासायचे दिवसातून दोनदा, आणि घसा पाण्याने ओला करा."

भोंगा घरी आला, तर लेक दारातच ट्रंपेट वाजवत बसलेली. तिला या रविवारी पहिल्यांदा बँडमध्ये उभं राहायचं होतं. तिचाही गाल फुगलेला.

"थुंक ते!"

"बाबा, तुम्हीच तर शिकवलंत. खड्याशिवाय सूर लांबत नाही ना?"

त्याने पाण्याचा घोट घेतला आणि ट्रंपेट उचललं. पहिला सूर फाटला. शेजारची कोंबडी घाबरून पळाली. दुसरा सरळ निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि दमही नेहमीइतकाच पुरला.

लेकीने टाळ्या वाजवल्या. मग ती एकदम विचारात पडली.

"खड्याशिवाय वाजतंय की! मग आजोबा-पणजोबांचे सगळे दात कशापायी गेले?"

भोंग्याने खिसा उलटा करून उरलेले खडे मुंग्यांना वाहिले, आणि लेकीला म्हणाला, "चल, आधी दात घासू."