सातवा विषय

युवा परिषदेचे नियम मुकुलने लिहिले होते आणि त्याला त्यांचा इतका अभिमान होता की विचारू नका. वकिलाचा मुलगा, शिवाय अध्यक्ष. "सभा संपायच्या आत उठेल तो गैरहजर" हा नियम त्याचा, आणि "सलग तीनदा गैरहजर, तर जागा रद्द" हाही त्याचाच. नियम काही वाईट नव्हते हो. पण ते मंजूर करणाऱ्या सगळ्यांची घरं महाडात, सभेच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होती.

दिशाचं घर होतं पोलादपूरच्याही पलीकडे, डोंगरातल्या खडपवाडीत. ती महाडला कॉलेजात शिकायची आणि वाडीतर्फे परिषदेवर बसायची. सभा संध्याकाळची, वाचनालयाच्या माडीवर. ती ऐन रंगात आली की दिशाची शेवटची एसटी सुटायची वेळ व्हायची. तिचा विषय यादीत कायम सातवा. आणि इथे पहिल्याच विषयावर, म्हणजे परिषदेच्या बोधचिन्हात डोंगर डावीकडे घ्यायचा की उजवीकडे यावर, मंडळी हमरीतुमरीवर आलेली असायची! दिशा चुळबुळत उठायची, सॅक खांद्याला लावायची, आणि मागून सचिव मैथिलीचा आवाज यायचा, "खडपवाडी, गैरहजर." समोर बसून गेलेली पोरगी गैरहजर, बोला आता. असं दोनदा झालं.

तिसऱ्यांदा झालं असतं तर जागा गेली असती, आणि जागेबरोबर सातवा विषयही. महाड-पोलादपूर मिळून एक नवी अभ्यासिका व्हायची होती आणि ती कुठे हवी, हे तरुणांच्या वतीने परिषदेने सुचवायचं होतं. महाडात अभ्यासिका होत्या. खडपवाडीत प्रितम आणि सेजल ही दोन तरुण पोरं देवळातल्या एका दिव्याखाली बसून पोलीस भरतीचा अभ्यास करत होते. यंदा जमलं नाही तर दोघंही मुंबईची वाट धरणार होते. मग वाडीत तरुण म्हणून उरलं कोण? एकटी दिशा. ह्या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

मुकुलचं प्रत्येक भाषण एकाच वाक्यावर संपायचं, "परिषद तुमच्या दारी! बोलवा, आम्ही येऊ." आजवर कुणी बोलावलं नव्हतं. दिशाने बोलावलं.

"या की मग रविवारी, सभा आमच्या वाडीत," ती म्हणाली.

मुकुल क्षणभर गडबडला, पण अध्यक्ष तो अध्यक्ष. "येणारच! आणि तेही लाल एसटीने. जनतेच्या गाडीने जाऊ." फोटो झकास येतील, हा हिशेब मनात होताच.

रविवारी मंडळी एसटीतून उतरली. दिशाचा आजा रावजी देवळापाशी वाटच बघत होता. "सभा मागून करा. आधी दोन घास खावा," म्हणत त्याने सगळ्यांना पंगतीला बसवलं. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, वर सुकटीची चटणी. नको नको म्हणणाऱ्या मैथिलीने तिसरी भाकरी घेतली. मग सगळे सुस्तावून सभामंडपात बसले आणि पहिला विषय निघाला. डोंगर डावीकडे की उजवीकडे? झालं! मुकुल डावीकडून बोलला, बाकीचे उजवीकडून बोलले, कुणीतरी मधोमध घ्या म्हणालं, आणि तेवढ्यात खालच्या वळणावर एसटीचा भोंगा वाजला.

"अरे, शेवटची गाडी!" मुकुल ताडकन उठला. त्याच्यामागे सगळेच उठले.

 आवाज कापला तर सगळंच हसण्यावारी जाईल, हे दिशाला कळत होतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बसा. सभा संपली नाय अजून. उठेल तो गैरहजर."

सगळे जागच्या जागी थबकले. भोंगा पुन्हा वाजला. मुकुलने मैथिलीकडे पाहिलं. मैथिली तोंडाची फटकळ, पण नियमाला पक्की. तिने एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा दिशाकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"हिचं दर वेळी हेच होत होतं," ती म्हणाली, आणि सगळ्यांत आधी खाली बसली. "बस रे मुकुल. नियम तुझाच आहे."

एसटी धुरळा उडवत घाट उतरून गेली.  मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि सगळेच हसत सुटले, मुकुलसुद्धा.

"आता कसली घाई?" रावजी खांबाला टेकत म्हणाला. "निवांत बोला."

आणि मग, मधले विषय भराभर उरकून, परिषद जन्मल्यापासून पहिल्यांदाच सातवा विषय निघाला. दिशाने भाषण घोकून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. ती नुसती म्हणाली, "आमच्याकडचे तरुण बघायचे तर गणपतीत या, नायतर शिमग्याला. एरवी घरांना कुलपं. हे दोघं उरलेत. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं, बस." तिचे डोळे भरून आले. समोर प्रितमशेजारी पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली सेजल खाली बघत राहिली.

अभ्यासिका खडपवाडीत सुचवायची का, यावर मैथिलीने मत मागितलं. सगळे हात वर झाले. एक हात जास्त होता.

"आजोबा, तुम्ही नाही हो परिषदेत!"

"नाय कसा? जेवान कोणी घातलं?" रावजीने हात काही खाली केला नाही.

"आणि ठरावात हेही लिही," मुकुल मैथिलीला म्हणाला. "यापुढे लांबून येणाऱ्याचा विषय पहिला." मग त्याला वास्तव आठवलं आणि तो डोकं खाजवत उभा राहिला. "पण आता आपण घरी जायचं कसं?"

तोच देवळामागून पिकअप टेम्पो घरघरत आला. दिशाचा चुलत भाऊ साहिल मुंबईहून सुट्टीवर आला होता, त्याने खिडकीतून डोकं काढलं. "चला, बसा पटापट! टेन्शन नाय लेने का. दिशाने सकाळीच बुक करून ठेवलाय मला."

मुकुलने वळून दिशाकडे पाहिलं. "सकाळीच? म्हणजे गाडी चुकणार हे तुला ठाऊक होतं?"

"तुमची सभा किती लांबते, ते माझ्याएवढं कोणाला ठाऊक हाय?" दिशा म्हणाली, आणि तिने टेम्पोचा मागचा फाळका पाडला.