भात्यापाशी बाबा

'प्रभावती एस. खरात. चौदा देशांत पियानोवादन.'

परदेशातल्या कार्यक्रमपत्रिकांत माझा परिचय असा सुरू होतो. माझे बाबा, साहेबराव, त्यात एका अक्षरापुरते.

'शिक्षण : जालना, मुंबई, व्हिएन्ना.'

जालना म्हणजे मिशनच्या दवाखान्याचं प्रार्थनाघर. बाबा दवाखान्यात वॉर्डबॉय. ड्यूटीवर जाताना मला तिथल्या पियानोजवळ बसवून जायचे. एका डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, १९८१ साली मुंबईला धाडलं. मी वाजवायचे तेव्हा बाबा वॉर्डात. ड्यूटी संपली की झाकण बंद, घरी.

'पारितोषिकं :'

हे गाळते.

१९९८, मे महिना, आमचं गाव मंठा. बाबांचा डावा कान गेलेला, उजवा चाललेला. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर ऐकू येईल. तेवढ्यात त्यांनी मला एकदा ऐकावं, म्हणून मी आले.

"कॅसेटी धाडल्या होत्या, ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या की. साठ माणसं एकदम वाजवून राह्यलेत. त्यात आपली पोरगी कोन्ती, कसं कळावं?"

"हात तरी वर करायचा होता, अक्का," धाकटी बेबीनंदा म्हणाली.

दवाखान्यातला पियानो आता उरला नव्हता. मंठ्यात होती ती विहारातली पेटी. संध्याकाळी वंदना झाल्यावर लोक थांबले. मी पेटीपुढं बसले.

पेटीत डावा हात भात्याला जातो, हे मला माहीत होतं. पण बसल्यावर कळलं, त्या हाताशिवाय मला वाजवताच येत नाही. चार सूर वाजवले. थांबले. पुन्हा चार.

विहाराची किल्ली सांभाळणारे काकासाहेब मागून बोलले, "जगात वाजवती म्हणं, अन् आपली पेटी येईना व्हय?"

लोक हसले. बाबा उठले.

"सरक. हवा मी देतो. तू दोन्ही हातांनी वाजव."

पेटीच्या पलीकडं बसले, मांडी घालून. उजवा कान माझ्याकडं.

हवा.

हवा.

जरा कमी.

हवा.

पट्ट्या कमी, हात एकमेकांवर आपटत होते. मी सगळ्यात संथ रचना निवडली होती. पियानोवर सूर विरत जातो, तो विरताना ऐकायचा असतो. इथं बाबा एकही सूर विरू देत नव्हते. मी मान वर केली. त्यांचे डोळे स्वतःच्या तळहातावर. ओठ हलत होते. एक, दोन. एक, दोन.

शेवटच्या सुरावरची बोटं उचलली. टाळ्या झाल्या. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले.

"बाबा, कसं वाटलं?"

घामाघूम झाले होते. चेहरा उजळलेला.

"मधी कुठं हवा कमी पडली का? म्या बिलकुल इकडंतिकडं ध्यान जाऊ दिलं न्हाई. सगळं ध्यान भात्यावर."

"बराबर होती."

"मंग झालं तर."

लोक उठू लागले. मी घाईनं म्हणाले, "बाबा, पुन्हा एकदा वाजवते. भाता बेबीनंदा मारेल. तुम्ही नुसतं ऐकत बसा."

"तिला न्हाई जमायचं," बाबा म्हणाले, आणि भाता दोन्ही हातांनी धरून माझी वाट पाहू लागले.