शोकेसमधला कान

माझ्या ठशातल्या गुलाबाला आठ पाकळ्या होत्या. आता पाच दिसतात. उरलेल्या तीन अकरा मिनिटांत गेल्या.

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. कपाला असतो तसाच, पण मातीच्या ग्रीक रांजणाचा. एका बेटावरच्या कुंभाराने मला घडवलं आणि मी ओला असतानाच माझ्यावर ठसा उमटवला. रांजणाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे भाऊ होतो. तेल घेऊन आम्ही समुद्र ओलांडला, उंटावरून अरबस्तानात आलो. तिथे रांजण फुटला आणि मी दोन हजार वर्षं वाळूत पडून राहिलो.

सहा वर्षांपूर्वी सौदी अरेबियातल्या जुबैलच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पूर्णिमाने मला वाळवंटातल्या सहलीत उचललं. घरी आणून तिने नमुन्याच्या बाटलीला लावतात तशी चिठ्ठी मला लावली: तारीख आणि जागा. मग चुन्याचा थर काढायला मला पातळ आम्लात बुडवलं. तेवढ्यात फोन आला आणि ती अकरा मिनिटं बोलत राहिली.

पुढे मी शोकेसमध्ये बसलो. पाहुण्यांना ती सांगायची, "अथेन्सच्या दुकानातून आणलाय." चिठ्ठी माझ्याखाली दडवलेली असायची. खरं सांगतो, कौतुक मलाही आवडायचं. मी भावाची आठवणसुद्धा काढेनासा झालो.

गेल्या शनिवारी रियाधच्या एका संग्रहालयात ग्रीक वस्तूंचं प्रदर्शन पाहायला ती मला, तिथल्या वस्तूंशी ताडून बघायला, रुमालात गुंडाळून घेऊन गेली. काचेच्या कपाटात जोडलेला रांजण उभा होता. त्याला एकच कान होता, त्यावर आठ पाकळ्यांचा गुलाब. फलकावर माझ्या चिठ्ठीतलीच जागा होती. खाली लिहिलं होतं, 'दुसरा कान सापडलेला नाही.' पूर्णिमाने रुमाल उघडला.

"मम्मा, ये तो हमारे शोकेसवाला है!" तिची दहा वर्षांची मुग्धा ओरडली.

"हळू! गार्ड ऐकेल," तिचे बाबा चारुदत्त कुजबुजले.

"उसको हिंदी आती है?"

"इथे सगळ्यांना येते." मग ते पूर्णिमाकडे वळले. "दर वर्षी हा परत द्यायचं निघालं की 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणतेस ना? आजही तेच म्हण. चौकशी लागली तर इकामा, इथे राहायचा परवानाच जाईल. नोकरी, हिची शाळा, सगळं खलास."

"चिठ्ठीवर अक्षर माझं आहे, चारू. माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने सांगू?"

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली तर उचलू नका, घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका. आहे तिथे राहू द्या आणि जाणत्यांना कळवा. माझ्या तीन पाकळ्या आता कोणीच परत आणू शकत नाही.

पूर्णिमा संग्रहालयाच्या अधिकारी बाईंच्या टेबलापाशी गेली. तिने मला आणि चिठ्ठीला शेजारी शेजारी ठेवलं.

"हा मी उचलला, आणि खराबही मीच केला," ती म्हणाली. "मला हा परत द्यायचा आहे."